सुखाचं राहू द्या, करमतंय का ते सांगा

प्रश्न : वय 61. एका सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. स्वतःचा फ्लॅट आहे, कर्ज नाही, ठेवींचं व्याज पुरून उरतं. मुलगी कॅनडात, मुलगा बंगळुरूला, दोघांचं छान चाललंय. तब्येत बरी. तरी सकाळी उठल्यावर आज कशासाठी उठलो हेच कळत नाही. मी दिवसभर घरात लुडबुड करतो अशी हिची तक्रार. माणसाला सुखसोयींपलीकडे नेमकं लागतं तरी काय?

उत्तर : जिल्ह्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करतोय त्याला सव्वीस वर्षं होतील. एवढ्या काळात 'मी सुखी नाही' असं म्हणत कुणी ओपीडीत आल्याचं आठवत नाही. लोक म्हणतात, 'डॉक्टर, करमत नाही.' खेड्यातली मंडळी म्हणतात, 'करमंना झालंय, कशात जीव लागंना.' तुम्ही आयुष्यभर अहवाल लिहिलेले, म्हणून सुखाबद्दल विचारलंत. पण पत्र दोनदा वाचल्यावर दिसतं, की तक्रार न करमण्याचीच आहे. हा शब्द मला कामात फार उपयोगी पडतो, कारण करमणं नेहमी कशात तरी किंवा कुणाबरोबर तरी असतं. त्यामुळे पुढचा प्रश्न लगेच विचारता येतो : पूर्वी कशात करमायचं?

त्याआधी वैद्यकीय भाग उरकून घेतो. तो राहिला तर पुढचं सगळं वाया. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही, जेवणाची चव गेलीय, वजन उतरलंय, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्यात, आपलंच काहीतरी चुकलं असं सारखं वाटतं : यातलं बरंचसं दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज होत असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्याला उपचार आहेत, आणि तिथे सुख म्हणजे काय यावर चर्चा करत बसू नये. डॉक्टरांना भेटा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर आजच भेटा, किंवा टेली-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीत बोला. आणि काहीही असो, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन आणि बी-12 एवढं तपासून घ्याच. आपल्याकडे, त्यातही शाकाहारी घरांत, बी-12 कमी असणं फार नेहमीचं आहे. एका निवृत्त मुख्याध्यापकांना मी दोन महिने आयुष्याच्या अर्थावर बोलतं केलं होतं. मग उशिरा सुचून तपासणी केली, तर बी-12 तळाला गेलेलं. इंजेक्शनं सुरू केली आणि माणूस महिन्या-दीड महिन्यात पुष्कळ सावरला. त्यांनी फी परत मागितली नाही हा त्यांचा मोठेपणा.

आता पैसा. 'पैशात सुख नसतं' हे वाक्य मी दवाखान्यात उच्चारत नाही. ते पोट भरलेल्या माणसाचं वाक्य आहे, आणि समोर बसलेल्याचा हप्ता थकलेला असू शकतो. तामिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. त्याच माणसांच्या बुद्धीच्या चाचण्या तोडणीआधी, हात आखडलेला असताना घेतल्या आणि तोडणीनंतर पुन्हा घेतल्या. तोडणीआधी ती माणसं कमी पडली. आमच्याकडे ऊसपट्ट्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कारखान्याचं बिल खात्यात पडायच्या आधीचा बाप आणि नंतरचा बाप यांतला फरक पोरांना आवाजावरून कळतो.

अमेरिकेतली चर्चाही तुम्ही ऐकली असेल. डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी 2010 मध्ये मांडलं, की वर्षाला सुमारे 75 हजार डॉलरच्या पुढे मिळकत गेली तरी रोजच्या आनंदात भर पडत नाही. मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांना 2021 मध्ये उलट दिसलं, मिळकत वाढते तसा आनंद वाढतच जातो. मग कानेमन आणि किलिंग्सवर्थ यांनी एकत्र बसून आकडे पुन्हा तपासले आणि 2023 मध्ये निष्कर्ष छापला. बहुतेकांचा आनंद मिळकतीबरोबर वाढतो. पण जे सगळ्यांत नाखूश असतात, साधारण वीस टक्के, त्यांच्या बाबतीत एका टप्प्यानंतर पैशाचा उपयोग संपतो. म्हणजे पैसा दुःखाचा एक थर खरवडून काढतो आणि पुढचं त्याच्या हातात नसतं. तुमचा तो थर निघालेला आहे. ठेवी आणखी दुप्पट झाल्या तरी सकाळच्या प्रश्नाला त्या उत्तर देणार नाहीत.

इथे माझी एक चूक कबूल करतो. बरीच वर्षं मी व्याख्यानांत टाळीचं वाक्य म्हणून सांगायचो, की लॉटरी लागलेली माणसं आणि अपघातात पांगळी झालेली माणसं वर्षभराने सारखीच सुखी असतात. हे ज्यावर बेतलंय तो 1978 सालचा अमेरिकेतला अभ्यास पुढे मुळातून वाचला आणि ओशाळलो. लॉटरीवाले 22, अपघातग्रस्त 29, एवढीच माणसं. अपघातग्रस्त इतरांपेक्षा कमीच सुखी होते. फक्त लोक समजतात तितके खचलेले नव्हते. खरी गंमत लॉटरीवाल्यांची होती. ते शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा फारसे जास्त सुखी नव्हते, आणि नाश्ता करणं, मित्राशी गप्पा मारणं, एखादा विनोद ऐकणं, असल्या साध्या गोष्टींतली त्यांची गोडी कमी झाली होती. हा भाग मी व्याख्यानात कधी सांगितला नव्हता, कारण त्याला टाळी पडत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, आणि तो एका पेशंटवरून सांगतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

साठीच्या एक बाई. नवरा लवकर गेला. एकोणीस वर्षं घरातून डबे दिले, शेवटी शेवटी रोजचे तीस. मुलगा शिकला, चांगल्या नोकरीला लागला आणि म्हणाला, आई, आता बास, आराम कर. भांडी विकली, आईला आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. पोळ्यांना बाई, धुण्याला यंत्र, खोलीत एसी. आठ महिन्यांनी तोच मुलगा तिला घेऊन माझ्याकडे आला. डोकं दुखतं, कंबर धरते, हातापायांत मुंग्या. फाइल दोन बोटं जाड आणि सगळे रिपोर्ट स्वच्छ.

मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला : काल उठल्यापासून काय काय केलंत, क्रमाने सांगा.

'उठले. चहा झाला. मग...' आणि बाई थांबल्या. खरंच आठवत होत्या. कालचा दिवस त्यांना सापडत नव्हता.

मग विचारलं, डबे होते तेव्हाचा दिवस सांगा. पंधरा मिनिटं बोलत होत्या. साडेचारला उठून कणीक भिजवायची. लातूरच्या पोराला कारलं चालत नाही, त्याच्या डब्याला पिवळा दोरा. नर्सिंगच्या मुलीला रात्रपाळी असली की तिचा डबा संध्याकाळी आधी. बँकेतल्या साहेबांना साखरेचा त्रास, त्यांना भात अर्धा. परीक्षा असेल त्या पोराच्या डब्यात छोट्या डबीत दही-साखर. एकदा एकाने डबा न उघडता परत पाठवला, तर त्या रिक्षा करून त्याच्या खोलीवर गेल्या होत्या. पोरगा तापाने फणफणलेला. हे सांगताना त्यांचा उजवा तळवा टेबलावर पुढे-मागे सरकत होता. पोळी लाटत होत्या. मुलगा ते बघत होता.

कष्ट गेले याचं त्यांना दुःख नव्हतंच, ते संपावेत असं त्यांनाही वाटायचं. पण कष्टांबरोबर तीस माणसांच्या दिवसातली त्यांची जागाही गेली होती. साडेबाराला कुठेतरी कुणीतरी म्हणायचं, 'मावशींचा डबा आला का?' आता सगळं त्यांना मिळत होतं आणि त्यांच्याकडून कुणाला काही नको होतं.

मुलाशी जरा हुज्जत घालावी लागली. लोक काय म्हणतील, आईला कामाला लावलं? शेवटी चार डब्यांवर तडजोड झाली : वसतिगृहातली दोन मुलं आणि त्यांच्याच इमारतीतलं एक म्हातारं जोडपं. दोन महिन्यांनी बाई एकट्याच आल्या आणि रांग मोडून आत घुसल्या. 'लवकर बघा, साडेबाराला डबा पोचायचाय.' कंबर अजून दुखत होती. मी विचारलं म्हणून सांगितलं, नाहीतर विसरल्याच असत्या.

माझ्या अनुभवात सुखसोयींपलीकडे माणसाला लागतं ते हे. ठरल्या वेळी कुणीतरी आपली वाट बघत असावं, आणि आपण गेलो नाही तर तिथे खोळंबा व्हावा. प्रेम, आदर, अध्यात्म हे सगळं आहेच, पण ते या खुंटीला टांगलेलं असतं. खुंटी निघाली की तेही जमिनीवर येतं. घरच्यांचं तुमच्यावर प्रेम आहे यात शंका नाही. पण तुमच्यावाचून अडत नाही. निवृत्त माणसाला नेमकं हेच झोंबतं आणि ते बोलता येत नाही, कारण बोललं की कृतघ्नपणा वाटतो.

एलेन लँगर आणि जूडिथ रोडिन यांनी 1976 मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात प्रयोग केला. एका मजल्यावरच्या लोकांना एकेक रोप दिलं आणि सांगितलं, याची निगा तुमच्याकडे, आणि खोली कशी लावायची वगैरे निर्णयही तुमचेच. दुसऱ्या मजल्यावरही रोप दिलं, पण पाणी नर्स घालतील असं सांगितलं. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त टवटवीत आणि हालती-बोलती दिसली. प्रयोग लहान होता, त्यावर फार इमले चढवू नयेत. मला त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवावीशी वाटते. रोप दोघांनाही मिळालं होतं. सोय म्हणाल तर दुसऱ्या मजल्याची जास्त होती.

सोयीचा आणि सुखाचा संबंध किती तुटू शकतो याचं माझ्या आवडीचं उदाहरण प्रयागचं आहे. माघ महिन्यात तिथे कल्पवासी महिनाभर नदीकाठी तंबूत राहतात. कडाक्याची थंडी, गंगेच्या गार पाण्यात आंघोळी, मोजकं जेवण, दिवसरात्र भोंग्यांचा आवाज, माणसांची दाटी. आरोग्याच्या दृष्टीने मी तर कुणालाही जाऊ नका म्हणेन. भारतातल्या आणि ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी 416 कल्पवासींना या माघमेळ्याच्या एक महिना आधी आणि मेळा संपल्यावर महिन्याने प्रश्न विचारले आणि न गेलेल्या 127 जणांशी तुलना करून 2012 मध्ये निष्कर्ष छापले. गेलेल्यांचं मन आणि तब्येत, दोन्ही त्यांच्याच सांगण्यानुसार सुधारलं होतं.

मला याचं नवल वाटलं नाही, कारण दर ज्येष्ठात माझ्याकडे पाच-सहा पेशंट येतात, 'महिन्याच्या गोळ्या एकदम द्या, वारीला जायचंय.' आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, वाटेत पाऊस, चिखल, आंघोळीला टँकर. त्यातल्या एका आजींना घरी जिना चढवत नाही. त्यांना विचारलं, तिथे कसं जमतं? म्हणाल्या, 'दिंडीत भाकरीला मीच असते की.' लोक वारीचं श्रेय भक्तीला देतात आणि ते योग्यच आहे. मी फक्त माझ्या धंद्याच्या नजरेने बघतो. दिंडीत कुणी पाणी बघतं, कुणी तंबू ठोकतं, विणेकऱ्याला वीणा खाली ठेवता येत नाही, टाळकऱ्याची रांगेतली जागा ठरलेली असते. प्रेक्षक म्हणून दिंडीत चालता येत नाही. दिवेघाटात फोटो काढून संध्याकाळी घरी परतणाऱ्यांना छान वाटत असेलच, पण त्या आजींना मिळतं ते त्यांना मिळत असेल असं मला वाटत नाही.

म्हणूनच 'एखादा छंद लावून घ्या' हा सल्ला मी द्यायचं बंद केलं. पूर्वी सर्रास द्यायचो. एका निवृत्त अभियंत्यांनी माझं ऐकून चांगली पेटी घेतली, मास्तर लावले. चार महिन्यांनी त्यांच्या घरी जायचा योग आला, तर पेटीवर इस्त्रीचे कपडे. पेटी बिचारी वाट बघत नाही हो. पुढे त्यांच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचा पेटीवाला बदली होऊन गेला आणि नड म्हणून यांना बोलावलं. आजही ते बेताचंच वाजवतात. पण गुरुवारी आठला दहा मिनिटं उशीर झाला की देवळातून फोन येतो, 'काका, पेटी कुठाय?' त्या फोनने जे केलं ते माझ्या गोळ्यांनी केलं नसतं.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट गेलीय, ती तुम्ही मोजली नसेल. शाखेत तुम्ही रोज चाळीस-पन्नास माणसांशी दोन-दोन वाक्यं बोलत होतात. ती मित्र नव्हती. 'काय साहेब, व्याजदर कधी वाढवताय?' एवढाच संबंध. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ती सगळी एकदम गेली. या फुटकळ ओळखींना आपण किंमत देत नाही. शिकागोत निकोलस एप्ली आणि जुलियाना श्रोडर यांनी रेल्वेप्रवाशांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं होतं, 2014 चा अभ्यास आहे. प्रवाशांना वाटत होतं, प्रवास कंटाळवाणा होईल. झाला उलटा, गप्प बसलेल्यांपेक्षा त्यांचाच चांगला गेला. मुंबईच्या लोकलमध्ये रोजच्या डब्याचा ग्रुप असलेल्यांना यासाठी शिकागोला जायची गरज नाही. तुम्ही मात्र भाजी ॲपवरून मागवत असाल तर ते आधी बंद करा आणि पिशवी घेऊन मंडईत जा.

तुमच्या मनात येईल, मन लागेल तेव्हा सुरू करू. इथे क्रम उलटा असतो. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या 495 पेशंटवर एक चाचणी झाली, 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. उपचार करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. सहा ते आठ बैठकांत त्यांनी मुख्यतः एवढंच केलं, की पेशंटला त्याच्या रोजच्या दिवसात लहान-लहान, त्याला मोलाच्या वाटणाऱ्या कृती पुन्हा सुरू करायला लावल्या. तीन महिन्यांनी या गटातले 64 टक्के बरे झाल्याच्या निकषात बसले. नेहमीच्या उपचारांच्या गटात 39 टक्के. आधी पाय उचलायचा, मन मागून फरफटत येतं. पहिले पंधरा दिवस नकोच वाटेल, ते गृहीत धरा.

तर करायचं काय? एका वहीत कालचा दिवस तासातासाने लिहा, आठवडाभर रोज. समोर एक रकाना आखा : या तासात माझ्यावाचून कुणाचं अडलं असतं का? ताळेबंद तुम्हाला शिकवायला नको. रकाना रिकामा दिसेल, त्याने घाबरू नका. मग एक काम शोधा, एकच. आठवड्यातून दोनदा, ठरल्या वेळी, ठरल्या जागी, नावानिशी ओळखता येतील अशा माणसांसाठी. तुमच्या हातात हिशोब आहे. जवळच्या वस्तीत महिलांचे बचत गट असतीलच. त्यांचं दप्तर बहुतेक वेळा एकाच शिकलेल्या सुनेच्या गळ्यात पडलेलं असतं आणि बँकेच्या कर्जाचे कागद कुठेतरी अडलेले असतात. मंगळवार-शुक्रवार चार ते साडेपाच तिथे बसा. पहिल्या महिन्यात त्या तुम्हाला 'साहेब' म्हणतील आणि गप्प बसतील. कुणी उधारी, नवरा, पोराची फी असलं काही बोलायला लागली की समजा बस्तान बसलं. दोन गोष्टी टाळा. फुकटचा उपदेश करू नका, आणि सोसायटीचं अध्यक्षपद घेऊ नका. अध्यक्षपदाने करमतं खरं, पण रक्तदाब वाढतो.

मुलांचं. रविवारचा व्हिडिओ कॉल कसा होतो ते मी न बघता सांगतो : 'जेवलात का, थंडी कशी आहे, बाकी काय, बाकी ठीक.' दोन्हीकडून सगळं ठीक असतं आणि म्हणून बोलायला काही उरत नाही. मुलीकडे काहीतरी मागा. म्हणजे पैसे नव्हे. 'मला हे मोबाइलवर जमत नाहीये, दर बुधवारी दहा मिनिटं शिकव' असं काहीतरी. नातवंड असेल तर त्याच्या झोपायच्या वेळेला रोज एक गोष्ट तुमच्याकडे लावून घ्या. वेळेचा फरक सांभाळताना तुमची तारांबळ होईल. होऊ द्या.

आणि वहिनींची तक्रार खरी आहे, ती मनावर घ्या. त्यांची भिशी, त्यांची भाजीवाली, त्यांचं संध्याकाळचं देऊळ, यातलं काहीच निवृत्त झालेलं नाही. त्यांच्या चालू गाडीत तुम्ही विनातिकीट चढलात. स्वयंपाकघरातले डबे लावायची पद्धत कशी सुधारता येईल हे तुम्ही त्यांना सांगितलं असणार. बँकेतली बहुतेक मंडळी सांगतात.

वही भरली आणि रक्ताचे रिपोर्ट आले की पुन्हा लिहा. तोवर स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला जा.